वनशास्त्राच्या पदवीवरचा शिक्का

विद्यापीठाने दिलेली पदवी व्यवसायाच्या कसाला उतरते की नाही, याचा निवाडा विद्यापीठाबाहेरच्या जाणकारांनी करणे म्हणजे अधिस्वीकृती. वनशास्त्राच्या बाबतीत हा कस केवळ उत्तरपत्रिकेवर लागत नाही. उभ्या सागाचा घेर आणि उंची मोजून त्यातून किती लाकूड निघेल हे सांगता यावे, जंगलाचा ठरवलेला तुकडा, म्हणजे कूप, तोडल्यावर तिथे पुन्हा रान कसे उठेल याचा अंदाज बांधता यावा, रोपवाटिकेचा हिशेब कळावा आणि गावकऱ्यांचे हक्कही कळावेत, एवढे सगळे त्या पदवीत धरलेले असते. भारतातली वनशिक्षणाची मध्यवर्ती शाळा १८७८ साली निघाली. विद्यापीठांची पदवी १९८५ च्या सुमारास आली आणि ती तपासणारे मंडळ १९९६ साली उभे राहिले. मधल्या शतकभरात वनाधिकाऱ्याच्या विद्येवर शिक्का मारणारा एकच होता, तो म्हणजे जंगलखाते. हा शिक्का खात्याच्या हातून विद्यापीठांकडे आणि पुढे परिषदांकडे कसा सरकला, आणि किती सरकला, हे पुणे, इंदूर, दापोली व अकोला या ठिकाणांच्या आधाराने नीट उलगडते.

खात्याची शाळा

मुंबई इलाख्यातला पहिला वनसंरक्षक वनशास्त्र शिकलेला नव्हता. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा डॉक्टर. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा कारभार त्याच्याकडे होता. झाडांची जाण असलेला माणूस म्हणून १८४७ साली त्याच्याकडे इलाख्यातली जंगले सोपवली गेली. मद्रास इलाख्यात हेच काम पाहणारा ह्यू क्लेगहॉर्न हाही डॉक्टरच. वैद्यकीच्या अभ्यासात वनस्पतिशास्त्र सक्तीचे असे, आणि त्या काळी वनाधिकारी होण्यास तेवढी तयारी पुरेशी समजली जाई.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि परिस्थिती बदलली. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत, आणि लोहमार्ग जसे वाढले तशी सह्याद्रीतल्या, मध्य हिंदुस्थानातल्या आणि हिमालयातल्या लाकडाची मागणी वाढत गेली. केवळ तोडीवर बंदी घालून हे भागणार नव्हते. दरवर्षी किती तोडावे, कुठे थांबावे आणि तोडलेल्या जागी काय उगवू द्यावे, याचे गणित मांडणारा माणूस हवा होता. असे गणित जर्मनीत आणि फ्रान्समध्ये पिढ्यानुपिढ्या शिकवले जात होते. म्हणून ब्रिटिश सरकारने १८६४ साली वनखाते उभारले तेव्हा त्याच्या प्रमुखपदी इंग्रज माणूस नेमला नाही. बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याआधी १८५६ पासून त्याने ब्रह्मदेशातल्या सागवान जंगलांची व्यवस्था लावून दाखवली होती.

ब्रँडिसपुढचा पहिला प्रश्न माणसे घडवण्याचा होता. इंग्लंडमध्ये वनशास्त्र शिकवणारी एकही शाळा नव्हती. त्यामुळे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवडलेले तरुण फ्रान्समधल्या नॅन्सीच्या वनविद्यालयात आणि जर्मनीतल्या सरकारी जंगलांत शिकायला पाठवले जाऊ लागले. १८८५ पासून हे शिक्षण इंग्लंडमधल्या कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात आले. तिथे ते चालवायला ब्रँडिसचा उत्तराधिकारी विल्यम श्लिक हिंदुस्थानातून गेला. पुढे १९०५ साली हा विभाग ऑक्सफर्डला हलला. वरच्या जागा गोऱ्यांच्या आणि त्यांचे शिक्षण युरोपात, अशी ही घडी होती.

खालच्या जागांसाठी मात्र इथेच शाळा काढावी लागली. देहरादूनची वनशाळा १८७८ साली सुरू झाली आणि १८८४ साली हिंदुस्थान सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. वनक्षेत्रपाल, म्हणजे आजही गावागावांत ज्याला रेंजर म्हणतात तो अधिकारी, इथे घडू लागला. निरनिराळ्या प्रांतांबरोबर संस्थानांचे उमेदवारही इथे येत. ही शाळा विद्यापीठाशी जोडलेली नव्हती. तिच्या प्रमाणपत्राची किंमत खाते ठरवत असे, कारण शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि नोकरी देणारा खात्याचाच अधिकारी होता. बाहेरच्या कुणाच्या ग्वाहीची अशा व्यवस्थेत गरजच पडत नाही.

पुण्याचा वनवर्ग

याच काळात पुण्यात निराळा प्रयोग झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १८७९ साली शेतीचा आणि १८८० साली वनशास्त्राचा खास वर्ग उघडला गेला. अभियांत्रिकीपलीकडचे विषय आल्यामुळे महाविद्यालयाचे नाव बदलून 'कॉलेज ऑफ सायन्स' असे झाले. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयाच्या छपराखाली वनशास्त्र शिकवले जाऊ लागले, ही त्या काळात वेगळी गोष्ट होती.

या वर्गाला अध्यापकही तोडीचे मिळाले. प्राचार्य थिओडोर कुक हे पेशाने अभियंते, पण त्यांचा जीव वनस्पतींत. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची सिद्ध केली ती १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आजही ती उघडतात. वनस्पतिशास्त्र शिकवणारे जॉर्ज मार्शल वुड्रो यांच्याकडे गणेशखिंडीच्या बागेचीही देखरेख होती, त्यामुळे प्रयोगशाळा आणि बाग एकाच माणसाच्या हाताखाली होती. इलाख्यातल्या जंगली झाडांवरचा टॅलबट यांचा दोन खंडांचा ग्रंथही पुढे पुण्यातच छापला गेला. विद्यापीठाच्या चौकटीत वनशास्त्राची पदवी रुजायला लागणारी सामग्री पुण्यात होती.

पदवी मात्र रुजली नाही. एकाच महाविद्यालयात एका वर्षाच्या अंतराने निघालेल्या दोन वर्गांच्या वाटा फुटल्या. शेतीच्या वर्गाला मुंबई विद्यापीठाची परीक्षा मिळाली, पुढे पदवी मिळाली आणि १९०७-०८ च्या सुमारास पुण्यात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. वनवर्ग तसाच राहिला, इलाख्याचे रेंजर देहरादूनला जाऊ लागले, आणि १९११ मध्ये महाविद्यालय पुन्हा नावानेही अभियांत्रिकीचे झाले. फरकाचे कारण नोकरीत होते. शेती शिकलेल्याला सरकारी खाते, संस्थान, जमीनदार किंवा स्वतःचे वावर असे अनेक आश्रय होते. जंगल शिकलेल्याला धनी एकच. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले सरकारजमा झाल्यावर जंगलाची नोकरी म्हणजे खात्याची नोकरी असा अर्थ पक्का झाला. ज्या विद्येला एकच गिऱ्हाईक, तिची पदवी त्या गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय निघत नाही.

त्या काळी रयतेची तक्रार शिक्षणाबद्दल नव्हती, खात्याबद्दल होती. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्याने गायराने बळकावल्यावर कोरडे ओढले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. गवत, सरपण, राबासाठी म्हणजे रोपाची जमीन भाजण्यासाठी लागणारा पाला यांवरचे गावांचे हक्क हा विषय वनाधिकाऱ्याच्या अभ्यासात असायला हवा, ही जाणीव अभ्यासक्रमापर्यंत पोहोचायला मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली.

ब्रँडिसचे शिष्य आणि अमेरिकेची वाट

अधिस्वीकृतीची आधुनिक पद्धत ज्या देशात जन्मली, त्या देशाच्या वनशिक्षणाचे मूळही ब्रँडिसपर्यंत पोहोचते. हिंदुस्थानातून परतून बॉनला स्थिरावलेल्या ब्रँडिसकडे गिफर्ड पिंचो नावाचा अमेरिकन तरुण सल्ला मागायला आला. नॅन्सीला जाऊन तो शिकला आणि पुढे अमेरिकी वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या बिल्टमोर इस्टेटीच्या जंगलाची व्यवस्था पाहायला गेलेला जर्मन वनशास्त्रज्ञ कार्ल शेंक हाही ब्रँडिसच्याच वर्तुळातला. १८९८ साली शेंकने बिल्टमोरला वनशाळा काढली, त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय निघाले आणि १९०० साली येल विद्यापीठात पिंचो घराण्याच्या देणगीतून तिसरी संस्था सुरू झाली.

अमेरिकेत जंगलाचे धनी अनेक होते. केंद्र सरकार होते, राज्ये होती, लाकूड कंपन्या होत्या आणि खासगी जमीनमालकही होते. वनशास्त्र शिकलेल्याला कुणाकडेही काम मिळू शकत असे, आणि म्हणूनच त्याची विद्या खरी की खोटी हे कामावर ठेवणाऱ्याला बाहेरून कुणीतरी सांगावे लागे. ते काम व्यावसायिकांच्या संस्थेने उचलले. पिंचोने १९०० साली स्थापलेल्या अमेरिकन वनशास्त्रज्ञांच्या सोसायटीने १९३० च्या दशकात देशातल्या वनशाळांची झडती घेतली. येलचे प्राध्यापक एच. एच. चॅपमन यांनी शाळाशाळांची पाहणी केली, आणि १९३५ साली मान्यताप्राप्त शाळांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. अध्यापक किती आणि कसे, ग्रंथालय कसे, प्रात्यक्षिकाला रान आहे का, असे प्रश्न या पाहणीत विचारले गेले. यादीतल्या शाळेचा पदवीधर सोसायटीचा सभासद होण्यास पात्र ठरत असे, त्यामुळे मान्यता आणि व्यवसाय यांची गाठ तिथे सुरुवातीलाच बसली.

पुढे काही ठिकाणी कायद्यानेच ही गाठ घट्ट केली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९४७ पासून वनशास्त्रज्ञांची नोंदणी होऊ लागली. कॅलिफोर्नियाने १९७२ साली परवाना पद्धत आणली. ब्रिटनमधल्या वनशास्त्रज्ञांच्या संस्थेला १९८२ साली राजसनद मिळाली. डॉक्टराला किंवा वकिलाला जशी नोंदणी लागते तशी ब्रिटिश कोलंबियात आणि कॅलिफोर्नियात जंगलाचा आराखडा करणाऱ्याला लागू लागली. जिथे नोंदणी आली तिथे कोणत्या विद्यापीठाची पदवी ग्राह्य धरायची हा प्रश्न आपोआप आला, आणि अधिस्वीकृतीला धार आली.

हिंदुस्थानात उलट क्रम

हिंदुस्थानात याच काळात खात्याची पकड आणखी घट्ट झाली. १९०६ साली देहरादूनला वनसंशोधन संस्था उभी राहिली. १९१२ साली कोइमतूरला दुसरे वनमहाविद्यालय निघाले. वरच्या जागा भारतीयांना मिळाव्यात ही मागणी वाढल्यावर १९२६ साली वरिष्ठ वनसेवेचे प्रशिक्षण देहरादूनला सुरू झाले. ते १९३२ मध्ये बंद पडले आणि १९३८ साली भारतीय वनमहाविद्यालयाच्या रूपाने पुन्हा उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९६६ साली भारतीय वनसेवा स्थापन झाली. उमेदवार वनस्पतिशास्त्राचा, भूगर्भशास्त्राचा किंवा गणिताचा पदवीधर असे. निवड झाल्यावर त्याला वनशास्त्र शिकवले जाई. म्हणजे आधी नोकरी आणि मग विद्या. इतर व्यवसायांत विद्या आधी येते आणि नोकरी मागून.

या क्रमात विद्यापीठाला जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतरची पहिली पस्तीसहून अधिक वर्षे बारावी झालेल्या मुलाला थेट वनशास्त्राची पदवी घेण्याची सोय देशात नव्हती. ती सोय होण्यास जंगलाबाहेरच्या झाडांचा प्रश्न कारण ठरला.

माळव्याचे सपाट रान

इंदूर जिल्ह्यातला सांवेर तालुका हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. जिल्ह्यातले जंगल दक्षिणेला, महू, चोरल, मानपूर या विंध्याच्या उतारांवर आहे. इंदूरहून उज्जैनकडे जाताना लागणारे सांवेर मात्र काळ्या कसदार मातीचे सपाट पठार आहे. खान नदी या भागातून वाहत क्षिप्रेला मिळते. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, हरभरा, बटाटा आणि लसूण अशी इथली शेती. राखीव वन नावालाही नाही. झाड दिसते ते बांधावर, विहिरीजवळ किंवा नाल्याच्या काठाला. देहरादूनला शिकलेल्या रेंजरचे अशा तालुक्यात फारसे काम नसे. पण सरपण, चारा, अवजारांचे लाकूड आणि मातीची धूप हे प्रश्न इथल्या शेतकऱ्यालाच अधिक भेडसावत.

शेताची मातीही जंगलाच्या मातीसारखी पोसली पाहिजे, हा विचार इंदुरातच फार आधी मांडला गेला होता. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकरांवर वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी आणि केंद्रीय कापूस समितीने तिचा खर्च उचलला, आणि आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्र आणि माती यांचे थर खड्ड्यात रचून काही महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी इथे बसवली. जगभर ती इंदूरच्या नावाने ओळखली जाते. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी या प्रयोगांवर लिहिलेले पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. जंगल स्वतःच्या पानगळीतून आपली जमीन पोसते आणि शेतीने तेच शिकावे, हे सूत्र हॉवर्ड यांच्या पुढच्या लेखनाचा कणा झाले. त्याच आवारात १९५९ साली कृषी महाविद्यालय आले. २००८ पासून ते ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाकडे आहे.

सांवेरसारखे तालुके देशात शेकडो होते. १९७० साली नेमलेल्या राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात नेमका हाच धागा पकडला. राखीव जंगलातले लाकूड उद्योगांसाठी, आणि गावाची गरज गावाच्याच जमिनीवर, बांधांवर, गायरानांत आणि रस्त्यांच्या कडेला झाडे लावून भागवायची, अशी विभागणी आयोगाने सुचवली. महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ आणि १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग उभे राहिले, त्यामागे हीच विचारसरणी होती. आता झाडाचे गिऱ्हाईक एकटे खाते उरले नव्हते. शेतकरी, ग्रामपंचायत, बँक, कागद कारखाना अशा सर्वांना झाडाचे जाणकार हवे होते. ते घडवायला शेतीशी नाते असलेली संस्था हवी होती, आणि अशी संस्था राज्याराज्यांत आधीच होती, ती म्हणजे कृषी विद्यापीठ.

दापोली, अकोला आणि १९८८ चे धोरण

१९८५ च्या सुमारास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने कृषी विद्यापीठांत वनशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी १ डिसेंबरला हिमाचल प्रदेशात सोलनला फलोत्पादन आणि वनशास्त्र या दोनच विषयांना वाहिलेले विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ही पदवी आणली. पुण्याच्या वनवर्गाने अर्धवट सोडलेली वाट शंभर वर्षांनी पुन्हा धरली गेली. या वेळी वनशास्त्र अभियांत्रिकीच्या नव्हे, तर शेतीच्या शेजारी बसले.

दोन्ही ठिकाणची निवड भूगोलाला धरून होती. कोकणात सरकारी जंगल थोडे आणि खासगी रान जास्त. ऐन, किंजळ, शिवण, खैर आणि बांबू ही झाडे शेतकऱ्याच्या मालकीच्या डोंगरउतारांवर वाढतात, आणि खैराच्या कातावर चिपळूण परिसरातला व्यवसाय उभा आहे. विदर्भात एकीकडे मेळघाट, दुसरीकडे कापसाची कोरडवाहू जमीन. दापोलीचा विद्यार्थी काजू, बांबू आणि खासगी वनाची व्यवस्था शिकतो, अकोल्याचा कोरडवाहू वनशेती आणि साग. माळव्यातल्या विद्यार्थ्याला यासाठी जबलपूर गाठावे लागते. तिथे कृषी विद्यापीठाबरोबर राज्याची वनसंशोधन संस्था आणि केंद्राची उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थाही आहे. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. (कृषी) करणाऱ्याच्या वाट्याला देशभरच्या सामायिक अभ्यासक्रमातून वनशास्त्र आले ते २ श्रेयांकांचा प्राथमिक विषय म्हणून.

पदवी सुरू झाली, तरी ती व्यवसायाची पदवी आहे हे सरकारने मान्य करायचे होते. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने ते शब्दांत तरी केले. वनविद्या हे शास्त्र आहे तसाच तो व्यवसायही आहे, कृषी विद्यापीठांनी आणि वनशिक्षण संस्थांनी मनुष्यबळाची गरज पाहून अभ्यासक्रम आखावेत, आणि भारतीय वनसेवेत व राज्यांच्या वनसेवांत भरती करताना वनशास्त्राची शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता ध्यानात घ्यावी, अशी तीन सूत्रे त्यात आहेत. पहिल्या सूत्राने पदवीला प्रतिष्ठा दिली आणि दुसऱ्याने विद्यापीठांना काम दिले. तिसरे सूत्र नोकरीच्या दारापाशी जाऊन थांबले.

तपासणीची रीत

कृषी शिक्षण हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे. शिक्षण आणि वने हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, पण कृषी शिक्षण राज्यांकडेच राहिले. कृषी विद्यापीठातली वनशास्त्राची पदवी त्यामुळे राज्याच्या कायद्याखाली येते. १९२९ साली स्थापन झालेली कृषी अनुसंधान परिषद ही नोंदणीकृत संस्था आहे. पशुवैद्यक परिषदेला १९८४ च्या कायद्याने जो अधिकार मिळाला, तसा तिला नाही. नापास ठरलेले महाविद्यालय तिला बंद करता येत नाही. तिच्या हातात अनुदान आहे, शिष्यवृत्त्या आहेत आणि देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा आहेत. मान्यता याच गोष्टींशी जोडली गेल्यामुळे विद्यापीठे तपासणीला तयार होतात.

१९९६ साली परिषदेने अधिस्वीकृती मंडळ नेमले. आज त्याचे नाव राष्ट्रीय कृषी शिक्षण अधिस्वीकृती मंडळ आहे. तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा स्वमूल्यमापनाचा. महाविद्यालय आपली माहिती स्वतः लिहून काढते: मंजूर पदे किती आणि भरलेली किती, विद्यार्थ्यांचे निकाल, संशोधन प्रकल्प, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, माजी विद्यार्थी कुठे लागले. बऱ्याच ठिकाणी दुखणे याच टप्प्यावर उघडे पडते, कारण रिकाम्या पदांचा आकडा कागदावर लपत नाही.

दुसरा टप्पा भेटीचा. इतर विद्यापीठांतल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा चमू काही दिवस महाविद्यालयात येऊन कागदावरची माहिती डोळ्यांनी पडताळतो. वनशास्त्राच्या बाबतीत पाहणी वर्गाबाहेर अधिक जाते. रोपवाटिकेत रोपे खरेच वाढताहेत का, वनस्पतींचा शुष्कसंग्रह नीट ठेवला आहे का, लाकडाची जात ओळखायला नमुन्यांची पेटी आणि सूक्ष्मदर्शक आहे का, वृक्षमापनाची साधने चालू आहेत का, प्रात्यक्षिकासाठी स्वतःचे रान किंवा वृक्षोद्यान आहे का, असे प्रश्न येतात. विद्यार्थ्यांशी अध्यापकांच्या गैरहजेरीत बोलणे होते. चमूच्या अहवालावर मंडळ निर्णय घेते, आणि मान्यता ठरावीक मुदतीपुरती असते. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून.

काय शिकवायचे हे अधिष्ठाता समित्या ठरवतात. परिषदेने पहिली अशी समिती १९६५ साली नेमली. पाचव्या समितीच्या शिफारशींनंतर बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र असे देशभर एकच नाव झाले, आणि कृषी शाखांबरोबर या पदवीलाही व्यावसायिक पदवीचा दर्जा मिळाला. शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याने खेड्यात, वनविभागात आणि उद्योगात काम करून अनुभव घ्यावा, अशी योजना २०१५ पासून आली. सहाव्या समितीने नव्या शैक्षणिक धोरणाला धरून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली.

दुसरी वाट वनमंत्रालयाची आहे. देहरादूनची भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद १९८६ साली आकाराला आली आणि १९९१ साली स्वायत्त झाली. तिच्या नावातच शिक्षण आहे, आणि विद्यापीठांतल्या वनशिक्षणाला अनुदान देणे, अभ्यासक्रमाचा नमुना सुचवणे आणि मूल्यांकन करून मान्यता देणे ही कामे ती करते. कृषी परिषद वनशास्त्राकडे शेतीच्या कुटुंबातला सदस्य म्हणून पाहते, तर ही परिषद त्याला वनखात्याच्या बाजूने पाहते. तिसरी वाट सर्वसाधारण विद्यापीठांची. बिलासपूर आणि गढवाल येथल्या केंद्रीय विद्यापीठांत वनशास्त्राचे विभाग आहेत. त्या विद्यापीठांचे मूल्यांकन १९९४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन परिषद करते. पण तिची नजर संपूर्ण संस्थेवर असते, वनशास्त्रापुरती नसते. एकाच पदवीवर अशा प्रकारे तीन निरनिराळे शिक्के उमटू शकतात.

नोकरीचे दार

शिक्के तीन झाले, तरी नोकरीची किल्ली बव्हंशी जुन्याच हातात राहिली. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनशास्त्राचा पदवीधर बसू शकतो, तसाच पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भ, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, कृषी किंवा अभियांत्रिकीचाही बसू शकतो. ऐच्छिक विषय निवडताना कृषी आणि वनशास्त्र ही जोडी चालत नाही, कारण दोहोंचा अभ्यास फार जवळचा मानला जातो. निवड झाल्यावर सर्वांना देहरादूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत एकच प्रशिक्षण मिळते, मग उमेदवाराने वनशास्त्राची चार वर्षे आधी घेतलेली असोत वा नसोत. महाराष्ट्र वनसेवेतही वनशास्त्राच्या बरोबरीने इतर विज्ञान शाखा पात्र आहेत, आणि निवडलेल्यांचे प्रशिक्षण कुंडल व चंद्रपूर येथील वन अकादमींसारख्या खात्याच्या संस्थांत होते. १८७८ साली देहरादूनला जी रीत सुरू झाली, तिची चौकट अजून उभी आहे.

या चौकटीला धक्का देण्याचे प्रयत्न झाले. कर्नाटकाने वनक्षेत्रपालांच्या थेट भरतीत वनशास्त्र पदवीधरांसाठी वाटा राखून ठेवला. पुढे तो कमी झाला तेव्हा सिरसी आणि पोन्नंपेटच्या वनमहाविद्यालयांचे विद्यार्थी रस्त्यावर आले. अशी मागणी इतर राज्यांतही वेळोवेळी होत आली आहे. तिच्यामागचा युक्तिवाद साधा आहे: पदवी व्यावसायिक म्हणून मान्य केली, तर त्या व्यवसायाच्या दारात तिला प्राधान्य हवे. उलट बाजूचा युक्तिवादही जुनाच आहे. वनसेवेला नाना विद्यांची माणसे लागतात आणि जंगलाचे शास्त्र अकादमीत शिकवता येते.

खात्याबाहेर मात्र या पदवीला नवी दारे मिळाली आहेत. २०१४ साली भारताने राष्ट्रीय वनशेती धोरण जाहीर केले. असे धोरण जगात पहिलेच. शेतातल्या झाडांची तोड आणि वाहतूक, रोपांचा दर्जा, कर्ज आणि विमा हे विषय त्यात आले, आणि सांवेरच्या बांधावरची बाभूळ किंवा कोकणातला खासगी बांबू प्रथमच स्वतंत्र राष्ट्रीय धोरणाचा विषय झाला. या कामाला लागणारा माणूस लाकूड उद्योगांत, बँकांत, रोपवाटिकांत आणि गावांबरोबर काम करणाऱ्या संस्थांत हवा असतो. तिथे खात्याचे प्रशिक्षण चालत नाही आणि विद्यापीठाच्या पदवीचा दर्जाच पाहावा लागतो. ब्रिटिश कोलंबिया किंवा कॅलिफोर्नियासारखी वनशास्त्रज्ञांची नोंदणी भारतात नाही, म्हणून अधिस्वीकृती इथे परवान्याचे काम करू शकत नाही. महाविद्यालयातली पदे भरलेली आहेत, रोपवाटिका चालू आहे आणि शिकलेला विद्यार्थी रानात गेलेला आहे, एवढीच ग्वाही ती देते. पुण्याच्या वनवर्गाला अशी ग्वाही मागणारे गिऱ्हाईक नव्हते. दापोली आणि अकोल्याच्या पदवीधरांना ते खात्याबाहेर मिळू लागले आहे.